लाल गाडीचं मागचं ऑईल

गाडीच्या डिफरन्शियलचं ऑईल बदलणं हे मुळात तासाभराचं काम. खालचं बूच काढा, जुनं ऑईल सांडा, नवं भरा, हात धुवा आणि जेवायला बसा. पण हेच काम घरच्या परसात चार माणसं मिळून करायला लागली, त्यात एकही मेकॅनिक नसला आणि गाडी माजलगावात असली, की ऑईलपेक्षा किस्सेच जास्त निघतात. आमच्याकडे ते इतके साचलेत की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. हल्ली सांगायला बसलं की सगळे हसतात. मग मधेच कुणीतरी उठून चपला शोधायला लागतं.

गाडी सुधाकरची. लाल, परदेशी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. सुधाकर पुण्यात गाड्यांच्या पार्टच्या दुकानात स्टोअरकीपर होता. ठोकलेली, कुणाला नको झालेली ही गाडी त्याने घेतली, वर्षानुवर्षं एकेक पार्ट जमवून मेकॅनिककडून उभी करून घेतली आणि गावी परतताना तिच्यातच बसून आला. पार्टची नावं त्याला तोंडपाठ, पण पाना कधी हातात धरलेला नाही!

बाकीचे तिघे म्हणजे वेल्डिंगवाला रफिक, रक्त-लघवी तपासायची लॅब चालवणारा गौतम आणि गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर असलेला मी. सुधाकर मला 'डॉक्टर' म्हणायचा. गावात दुसरं कुणी म्हणालं नाही.

* * *

पहिल्या वेळी अडचण अशी आली की गाडी इतकी बुटकी, जॅक खाली शिरेना. मग सुधाकरने परसात खड्डाच खणायचं ठरवलं. चाकं दोन्ही कडांवर, माणूस मधे उभा. पुण्याच्या वर्कशॉपात असंच असतं म्हणे.

खणून झाल्यावर लांबी बरोबर आहे का बघायला सुधाकर आत उतरून आडवा झाला. नेमका तेव्हाच शेजारचा म्हातारा भिंतीवरून डोकावला. ताजी माती आणि कडेला घामाघूम झालेले तिघे बघून त्याने टोपी काढली.

"कोन गेलं रे?"

खड्ड्यातून आवाज आला, "अजून कुनी न्हाई बप्पा! माप बघायलोय!"

म्हातारा पंधरवडाभर त्या भिंतीकडे फिरकला नाही. आम्ही मात्र पोट धरून हसलो होतो.

* * *

या कामातला पहिला नियम सुधाकरने आम्हाला पाठ करून घेतला होता. डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गिअरचा डबा. त्याला दोन बुचं असतात. वरच्यातून ऑईल भरायचं, खालच्यातून सांडायचं. "आधी वरचं बूच ढिलं करायचं, मगच खालच्याला हात लावायचा," असं तो ज्याला त्याला सांगायचा.

एकदा तो चहा सांगायला आत गेला आणि रफिकला हुरूप आला. खालचं बूच हाताशी होतं, सहज निघालं. सगळं ऑईल घमेल्यात! सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर. सुधाकर कपबशा घेऊन बाहेर आला तेव्हा रफिक वरच्या बुचाला लटकला होता. बूच हलेना. आणखी जोर लावला तर त्याच्या कडाच झिजून गेल्या.

सुधाकर शिव्या देणारा माणूस नव्हता. त्याने शांतपणे चहा खाली ठेवला. "रिकामं कुनीबी करतंय बे. भरायची वाट हाय का, ते आधी बघावं लागतंय."

शेवटी रफिकने त्या बुचावरच एक नट वेल्ड केला आणि मग पाना लावून फिरवला. पण त्याला धीर यायला उसाचा अख्खा हंगाम गेला. तोवर गाडी खड्ड्यावर उभी. कोंबड्या खाली राहायला गेल्या. सुधाकरच्या बायकोने, मंगलवहिनींनी, गाडीवर कुरडया वाळत घातल्या.

"पयल्यांदाच कामाला आली," त्या म्हणाल्या.

* * *

ऑईल इतक्यांदा बदलायची पाळी का यायची, तेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे रस्त्यावरचे स्पीडब्रेकर सरकार बांधत नाही. ज्याला आपल्या घरापुढे भीती वाटते तो बांधतो. पुण्यापासून एकही ओरखडा न पडता आलेली गाडी आमच्याच गल्लीच्या तोंडच्या ब्रेकरवर घासली आणि मागच्या डब्याला मार बसला. तेव्हापासून तो पाझरतोच आहे.

मग सुधाकरने नियम केला. ब्रेकर आला की शेजारी बसलेल्याने उतरायचं. गाडी हलकी झाली की बोटभर वर उठते. तेवढ्यावर ती पलीकडे जाते. आपण ब्रेकर चालत ओलांडायचा आणि पुन्हा बसायचं. गाडी घासली नसली की सुधाकर आतून अंगठा दाखवायचा. रफिकसारखा वजनदार माणूस बसला तर ब्रेकर दिसण्याआधीच, "उतर बे!"

पंचायत समितीच्या निवडणुकीत एका उमेदवाराला लाल गाडीतून फेरी मारायची हौस आली. सुधाकर म्हणाला, बसा, पण नियम सगळ्यांना सारखा. साहेब प्रत्येक ब्रेकरला उतरायचे. उतरलेच आहोत तर लोकांना हात जोडायचे. चार पावलं चालायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे.

लोक म्हणाले, "लई साधा मानूस. गाडीतून उतरून भेटतोय!"

निवडून आला. त्याच्या मते विकासामुळे, सुधाकरच्या मते ब्रेकरमुळे.

या गाडीत कधीच न बसलेलं एकच माणूस होतं, मंगलवहिनी. त्यांना तिच्यात बसवून एकदा त्यांच्या माहेरी, उमापूरला न्यावं, ही सुधाकरची एकुलती एक इच्छा. खरं तर गाडी इकडे आणली तीच त्यासाठी. वहिनींचं उत्तर ठरलेलं. "त्या बशीत कोन बसंल? गुडघे कानाला लागतेत. आन् माहेरचे काय म्हनतील?"

"म्हनू दे की."

"ऑईल गळायचं थांबू द्या, मग बसते."

ऑईल कसलं थांबतंय!

* * *

खालच्या बुचाच्या आतल्या टोकाला लोहचुंबक असतो. गिअर झिजून निघालेलं लोखंड त्याला चिकटतं. दर वेळी सुधाकर ते बोटावर घेऊन चोळायचा. मऊ पेस्ट लागली तर काळजी नाही, वयाप्रमाणे झिजणारच. कडक तुकडे लागले तर समजायचं की आत काहीतरी तुटलं. गौतम याला 'गाडीचा ब्लड रिपोर्ट' म्हणायचा.

त्या पावसाळ्यात सुधाकरच्या पायांवर सूज यायला लागली होती. गौतमने बळेच त्याचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खड्ड्यापाशी जमलो, बूच नुकतंच निघालं होतं. गौतम आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तपासणी त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. किडनीचा आकडा कुठल्या कुठे गेला होता.

सुधाकरने खड्ड्यातून वर बघितलं. बोटं काळी, चेहरा हसरा.

"बोल की बे. पेस्ट हाय का तुकडे?"

गौतमने मान खाली घातली. "तुकडे."

सुधाकरने हातातलं बूच फडक्याने पुसलं, परत बसवलं, नीट आवळलं. मगच तो वर आला. त्या दिवशी चहा कुणीच मागितला नाही.

* * *

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा एसटीने बीडला. बसस्टँडवर कुणी विचारलं, "सुधाकरराव, कुठं चाललाव?" तर उत्तर एकच.

"ऑईल बदलायला!"

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो. सगळं रक्त बाहेर येऊन, यंत्रातून फिरून परत आत जाणार हे त्याला समजावून सांगितलं होतं. सिस्टर सुई घेऊन आली, तसा हा उठून बसला.

"सिस्टर, आधी वरचं बूच ढिलं केलं का?"

"काय?"

"काढताल सगळं, आन् परत भरायची वाट बंद असली तर?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी हसायला गेलो आणि जमलं नाही. त्याचा दुसरा हात मी धरलेला होता. माणूस मस्करी करत होता, पण त्याला घामही फुटला होता.

* * *

डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं. तांब्याभर पाण्यात दिवस काढायचा, त्यातच चहा आणि त्यातच वरण. धरण उशाशी असलेल्या गावात, ऐन उन्हाळ्यात! सुधाकर तोंडात वेलदोडा धरून बसायचा.

त्या वर्षी रमजान उन्हात आला. रफिकचा रोजा असायचा. तोही घसा कोरडा करून सुधाकरजवळच येऊन बसायचा. दोघं गाडीच्या सावलीत. वहिनी म्हणायच्या, "दोन पाटील बसलेत, तोंडाला कुलूप लावून."

ईद झाली. रफिक शीरखुर्मा घेऊन आला, सुधाकरने चमचाभर चाखला. वहिनींनी रफिकपुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तर त्याने तो बाजूला सारला.

"पी की. तुझा रोजा सुटला," सुधाकर म्हणाला.

"माझा सुटला रे. तुझा कुठं सुटलाय?"

त्यानंतर सुधाकरसमोर रफिक कधीच पाणी प्यायला नाही. पुढच्या मे महिन्यात वेल्डिंग करताना भोवळ येऊन पडला, तरी नाही. मला त्याचा राग यायचा. अशाने कुणाची किडनी सुधारते का? पण मग मीही घरूनच पाणी पिऊन निघायला लागलो.

* * *

वहिनी आपली किडनी द्यायला निघाल्या होत्या. त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी परत पाठवलं. त्या दिवशी बीडहून आल्या त्या चूल न पेटवता थेट परसात आल्या. आम्ही तिथेच होतो.

"भावजी, ऑईल कधी बदलताव?"

"कावून वहिनी?" मी विचारलं.

"उमापूरला जायचंय. ह्यांच्या गाडीत."

सुधाकर खुर्चीवर बसला होता. तो नुसता गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसत राहिला. डायलिसिसच्या हाताला जोर द्यायचा नसतो, म्हणून त्याला खड्ड्यात उतरायची बंदी होती. वहिनींनी पदर खोचला आणि त्याच उतरल्या. वरच्या भोकातून ऑईल भरायला आम्ही गुरांना औषध पाजायची माझी मोठी पिचकारी वापरायचो. ती त्यांनी हातात घेतली.

"अवो, किती भरू?"

"भोकातून परत बाहेर यायला लागलं की थांब. पोट भरलं म्हनायचं."

"बरंय हिचं," वहिनी खालून म्हणाल्या. "पोटभर पिती."

दुसऱ्या सकाळी निघाले. गाडी सुधाकर चालवत होता, आम्ही मागून गौतमच्या जीपमधून. अख्ख्या रस्त्यावर ब्रेकर! प्रत्येकाला वहिनी उतरत, नवी साडी सावरत चालत पलीकडे जात, वळून गाडीकडे बघत. सुधाकरने अंगठा दाखवला की पुन्हा गुडघे पोटाशी घेऊन आत बसत. गेवराईच्या पुढे तर त्या हसायलाच लागल्या होत्या. उमापूरच्या वेशीत अख्खं गाव गोळा झालेलं.

भावजयीने विचारलं, "वन्सं, कशी हाय गाडी?"

"चांगली हाय. मी माहेरी चालत आले, ती सोबतीला होती!"

सुधाकर इतका हसला की त्याला खोकला आला. परत येताना तो दमला होता. तरी चालवायला त्याने कुणाला दिली नाही.

* * *

सुधाकर दिवाळीच्या आधी गेला. बीडच्या दवाखान्यातच गेला. त्याला अँब्युलन्समधून घरी आणलं. मागे वहिनी आणि आम्ही तिघे. माजलगाव आलं, आमची गल्ली आली.

गल्लीच्या तोंडाशी वहिनी एकदम म्हणाल्या, "थांबवा."

ड्रायव्हरने वळून बघितलं. "मावशी, घर आलं का?"

"थांबव रे."

गाडी थांबली. वहिनींनी मागचं दार उघडायला लावलं आणि खाली उतरल्या. पदर डोक्यावर घेतला, ब्रेकर चालत ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. लोक आपापल्या दारात उभे होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी रफिक उतरला, मग गौतम, मग मी. तिघेही चालत पलीकडे गेलो.

ड्रायव्हरला काही कळलं नसावं. पण आम्हा सगळ्यांना तसं उभं बघून त्याने अँब्युलन्स अगदी हळू, चाकाचाकाने ब्रेकरवरून घेतली.

वहिनी वाकून खाली बघत होत्या.

"घासली न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आत जाऊन बसल्या.