खैरूनची टाळी

रोह्याच्या अष्टमी भागात शरफूभायला न ओळखणारा माणूस सापडणार नाही आणि त्याच्या नमाजेला न हसलेला तर नाहीच नाही. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी माणसं मिनिडोर रिक्षातून ने-आण करणारा हा बाबा. कोण कुठल्या गेटला उतरतो, कोणाची रात्रपाळी कधी, सगळं तोंडपाठ. पण एकदा का हात बांधून अल्लापुढे उभा राहिला, की डोक्यात नुसता भुसा. हॅण्डब्रेक ओढला का? मागचा टायर बसला की काय? प्रणित आज फर्स्ट शिफ्टला की सेकंडला? उभं राहणं, वाकणं, दोनदा डोकं टेकणं, अशी एकेक रकात उरकत जायची आणि ही तिसरी की चौथी, ते त्या टायरलाच ठाऊक.

आता धर्माने ह्यावर सोय ठेवलेली आहे. शंका आली तर कमी धरावं, राहिलेली रकात पढावी आणि शेवटी मान वळवून सलाम फिरवण्याआधी विसरल्याबद्दल दोन जादा सजदे घालावेत, डोकं टेकून. बाकीचे लोक ही सोय कधीमधी वापरतात. शरफूभायने तिचा पासच काढला होता.

एकदा मौलाना गावी गेले म्हणून लोकांनी कौतुकाने ह्याला पुढे उभं केलं. दुपारच्या चार रकाती पढून झाल्या आणि हा पाचवीला उठला. पुढचा चुकला की मागच्यांनी 'सुभानल्ला' म्हणून सावध करायचं असतं. आधी एकाने म्हटलं, मग दोघांनी, मग अख्ख्या रांगेने. ह्याला वाटलं, आज लोकांना भक्तीचा भलताच जोर चढलाय. खुशीत पाचवी पुरी करून मोकळा झाला. त्यानंतर त्याला पुढे करायचं नाव कोणी काढलं नाही, आणि तोही उन्हं कलल्यावरची असरची चार रकातींची नमाज घरीच, बायकोला मागे उभी करून पढू लागला.

बायको खैरून, पेणची. बाईमाणसाने आवाज द्यायचा नसतो, डाव्या हाताच्या पाठीवर उजवा पंजा मारायचा असतो. आणि हा पंजा भाकऱ्या थापून तयार झालेला. टाळी पडली की शरफूला झक्कन आठवायचं. इतक्या वर्षांत तिची एक टाळी चुकली नाही, आणि हे ती ऐकवल्याशिवाय राहायची नाही. ती नसती तर तो कयामतीपर्यंत उठबस करत बसला असता म्हणे. तो कुरकुरायचा, एक दिवस मी बरोबर असेन नि तू चुकशील, त्या दिवशी अष्टमीभर पेढे वाटतो.

गेल्या गणपतीच्या आधी खैरून पेणच्या रामवाडीला बहिणीकडे गेली होती. येताना रोह्याची गाडी धरायची सोडून बसली जोह्याच्या गाडीत. तिथल्या मूर्तींच्या कारखान्यातल्या रितेशने तिच्याच मोबाइलवरून फोन लावला, की मावशी इथं बसल्यात, जायचं कुठं ते सांगत नायत. शरफूने मिनिडोर पिदडली. जाऊन बघतो तर बाई बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेत चहा पीत बसलेली. म्हणाली, मुद्दाम आले बघायला. मुद्दाम कसली डोंबलाची! त्याने वाटेत तिची यथेच्छ टर उडवली. नागोठणं गेल्यावर तिने हळूच विचारलं, आपण कुठून येतोय?

घाबरला तो. फार घाबरला. डॉक्टरकडे जाऊ म्हणाला, तर ती फणकारली, विसरभोळे तुमी, मी नाय. मग त्याने मनाशी धरलं, की टाळी बरोबर पडतेय तोवर काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी असरला शरफूने जन्मात पहिल्यांदा नमाजेत लक्ष दिलं. हॅण्डब्रेक गेला खड्ड्यात, टायर गेला तेल लावत. एक झाली. दुसरी झाली. दुसरीनंतर बसायचं असतं, तो बसला.

मागून टाळी पडली.

तो हलला नाही. पुन्हा टाळी, जोरात. मग ती एकटीच उठून उभी राहिल्याची चाहूल आली, जणू एकच रकात झालीय. दोन झाल्यात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर जे पक्कं ठाऊक असावं म्हणून धडपडला, ते आज होतं आणि त्याला नको होतं. त्याने चार पुऱ्या केल्या. चूक त्याची नव्हती, तरी सलामाआधी दोन जादा सजदे घातले, आणि दुसऱ्यातून डोकं वर काढायला त्याला अंमळ वेळच लागला.

खैरून खुशीत होती. "आज तर बसूनच राहिलात. मी नसते तर?"

"व्हय गो," शरफू म्हणाला. "चुकलोच मी."

ती चहा टाकायला आत गेली. तो नमाजेची चटई गुंडाळत होता, तेवढ्यात ती चहाशिवायच बाहेर आली, डोक्यावर दुपट्टा नीट करत.

"अवो, असरची वेळ झाली. पढायची नाय?"

शरफू वरच्याला मनातल्या मनात म्हणाला, आजवर तुला कमीजास्त मोप झालंय, आज एक अख्खी जादा घे आणि गप ऱ्हा. त्याने चटई पुन्हा पसरली.

"पढायची तर," तो म्हणाला. "ये, उभी ऱ्हा मागे. मी चुकलो तर टाळी दे."