नव्या गाडीचे गाऱ्हाणे

आमची आजी गेल्या वर्षी वारली. तिच्या मागे दोन मुलगे, सुना, नातवंडे आणि चाके झिजलेल्या तीन बॅगा असा परिवार आहे. निधनाच्या बातमीत यानंतर कार्य सांगतात. आजीचे कार्य असे, की ती घरी नसे.

दिंडोशीच्या वसाहतीत ती आमच्याकडे, म्हणजे धाकट्या मुलाकडे, राहत होती. आजोबा गिरणीत होते. सुट्टीत मालवणजवळच्या गावी जाणे आणि परत येणे, यापलीकडे त्यांनी तिला कुठे नेले नाही. ते गेल्यावर वर्षभराने तिने मालाडच्या एका सहलवाल्याकडे चारधामसाठी नाव दिले आणि मग ती थांबली नाही. अंदमान, भूतान, केनिया, श्रीलंका. केनियाहून परतल्यावर सिंह कसा होता असे विचारले तेव्हा तिने सांगितले, झोपला होता. परदेशात ती मालवणीतच बोलत असे. समोरच्याला कळले नाही तर तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणे. बहुतेक वेळा काम होई.

निघण्याआधी मात्र गाऱ्हाणे व्हायलाच हवे. कोकणात कुठल्याही कामाच्या सुरुवातीला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घालतात. एक जण मोठ्याने मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. हे काम घरातल्या मोठ्या पुरुषाचे. आजोबा लाजाळू होते, म्हणून हे काम आजीकडे आले आणि तिच्याकडेच राहिले. तिला आवाज होता. वसाहतीत नवी लिफ्ट बसली तेव्हा गाऱ्हाणे तिनेच घातले, आणि कच्छी, तमिळ, भोजपुरी असे सगळे शेजारी ‘होय म्हाराजा’ म्हणाले. लिफ्ट पुढे वरचेवर बंद पडत राहिली. त्याचा दोष आजीला कोणी दिला नाही.

या पद्धतीत एक धोका आहे. ‘होय म्हाराजा’ हे उत्तर कोणी विचार करून देत नाही. वाक्याचा सूर खाली आला की ते तोंडातून निघते. आजीने हे हेरले होते. गावदेव, पूर्वज, मुलाबाळांचे आरोग्य अशा मागण्या होऊन लय बसली की ती मध्येच स्वतःचा एखादा मुद्दा सरकवी. बाबांची सिगारेट अशी सुटली. गणपतीच्या गाऱ्हाण्यात आजीने देवाला कळवले की आपला धाकटा मुलगा आजपासून विडीकाडीला हात लावणार नाही, आणि त्यावर सगळ्यांत खणखणीत ‘होय म्हाराजा’ बाबांचाच होता. पुढे बरेच दिवस ते बडीशेप चघळत हिंडत होते. काकीने असेच आजीला रामेश्वरला न्यायचे कबूल केले. आपण काय कबूल केले हे तिला नारळ फुटल्यावर शेजारणीकडून समजले. देवासमोर होय म्हटलेले मागे घेता येत नाही, यावर घरात एकमत होते. अपिलाची सोय नव्हती.

काका, म्हणजे आजीचा थोरला मुलगा, बोरिवलीला राहतात. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत झाली, त्यामुळे कुठल्या गोष्टीतून काय काय अनर्थ होऊ शकतो हे त्यांना चटकन दिसते. श्रीलंकेत बोटीतून उतरताना आजी पडली आणि तिचे मनगट मोडले. ती प्लॅस्टर घेऊनच परतली. त्यावर सहप्रवाशांच्या सह्या होत्या, त्यांतली एक सिंहलीत. काका भेटायला आले, चहा प्याले, मुदत तपासतो म्हणून तिचा पासपोर्ट घेऊन गेले आणि त्यांनी तो आपल्या कपाटात कुलपात ठेवला. आजी फोनवर विचारी. पासपोर्ट सुरक्षित आहे, असे काका सांगत. ते खरे होते.

मनगट बरे झाले आणि सहलवाल्याने इजिप्त जाहीर केले.

आजीला इजिप्तला जायचेच होते. केनियाच्या वाटेवर तिने ते विमानातून पाहिले होते असा तिचा दावा होता, आणि तो कोणी खोडून काढू शकले नाही. काकांचे म्हणणे, ऊन आहे, वाळू आहे, गुडघा आहे. तिचे म्हणणे, पिरॅमिड चढायचा नसतो, बघायचा असतो. काका म्हणाले, या वयात माणसाने शांतपणे घरात बसावे. हे ते रोज फोन करून म्हणू लागले. सहलवाल्याला पासपोर्ट शनिवारी दुपारी ऑफिस बंद होण्याआधी हवा होता. तो मिळाला नाही तर तिची जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

त्याच शनिवारी सकाळी काकांची नवी गाडी आली. विमा पूर्ण होता, तरी गाऱ्हाण्याशिवाय काका गाडी सुरू करणार नव्हते, आणि गाऱ्हाणे घालणारी घरात एकच होती.

काकांनी तयारी ठेवली. आजीला वगळून त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘गाडी’ नावाचा ग्रुप काढला आणि सूचना टाकली. प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकावे, मगच उत्तर द्यावे. पासपोर्ट, इजिप्त किंवा विमान यांपैकी एक जरी शब्द आला तर गप्प राहावे. उंटाचे काय, असे माझ्या बहिणीने विचारले. उंट आला तरी गप्प राहावे, असे काकांनी कळवले.

बोरिवलीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी हार घालून उभी होती. चाकांखाली लिंबे होती. आजी काठापदराचे लुगडे आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आली. तिने नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या झिलान नवी गाडी घेतल्यान, तिका खंयच धक्को लागाक नको रे म्हाराजा.”

सगळ्यांनी वाक्य तपासले. आक्षेपार्ह काही नाही असे दिसल्यावर एकेक जण ‘होय म्हाराजा’ म्हणाला. बाबा सर्वांत शेवटी.

आजीने नारळ खाली घेतला. “देवाक होल्डवर ठेवलात काय रे?”

तिने पुन्हा सुरू केले. रस्त्यातले खड्डे, मागून येणारे टेम्पो, चालवणाऱ्याची झोप. प्रत्येक मागण्यानंतर तशीच शांतता, मग तसेच विस्कळीत उत्तर. काका डोळे मिटून, हिशेब तपासल्यासारखे ऐकत होते. वॉचमन एव्हाना आमच्या आधीच ‘होय म्हाराजा’ म्हणू लागला होता. त्याला ग्रुपमध्ये घेतलेले नव्हते.

मग आजीचा आवाज थोडा खाली आला.

“आणि म्हाराजा, ही म्हातारी आता थकली. हिचां फिरणां संपलां. हिका आता घरातच बसव रे म्हाराजा.”

यात बंदी घातलेला एकही शब्द नव्हता. काका रोज फोनवर जे मागत होते तेच हे मागणे होते, आणि आता ते थेट देवाकडे चालले होते. कोणीही उत्तर दिले नाही. वॉचमनही गप्प झाला. फोनवर ते वाक्य काळजीचे वाटे. पार्किंगमध्ये, नारळ वर धरलेल्या हाताखाली, ते तसे वाटेना.

“काय रे,” आजी म्हणाली. “म्हणा मगे.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी डोळे उघडले.

“नको म्हाराजा,” काका म्हणाले.

गाऱ्हाण्यात असे उत्तर नसते. हे चालते का, हे बघायला आई आजीकडे वळली. आजीनेही क्षणभर विचार केला असावा.

“देवान ऐकल्यान,” ती म्हणाली आणि तिने नारळ फोडला. मग मागे न बघता म्हणाली, “जा, पासपोर्ट घेऊन ये.”

काकांनी बाजू मांडली. “आये, घरात बसव याला मी नको म्हटलं. इजिप्तचं मी काही बोललो नाही.”

“मगे खंय जाऊ? गच्चीर?”

काकांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली. ते वर गेले. आजी तोवर गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि नवी गाडी पहिल्यांदा देवळात न्यायची असते याची आठवण काकीने करून दिली तेव्हा आजीने देव आत्ताच येऊन गेला असे सांगितले. काका पासपोर्ट घेऊन उतरले. तिने तो डोळ्यांपासून लांब धरून उघडला, फोटो बघून नाक मुरडले आणि ब्लाउजमध्ये ठेवला. काकांनी तिचा सीटबेल्ट स्वतः लावला, मग ओढून पाहिला.

मालाडच्या त्या ऑफिसात आम्ही पोहोचलो तेव्हा शटर अर्धे खाली आले होते. आजी त्याखालून वाकून आत गेली. गुडघ्याने कुरकुर केली नाही. काउंटरवरच्या मुलीने एकच सीट का, असे विचारले. काकांनी आपल्याला उन्हाचा त्रास होतो असे सांगितले. मग त्यांनी विचारले, पिरॅमिडला कठडा असतो का. मुलगी म्हणाली, विचारून सांगते. ती फोन लावत होती तोवर आजीने खिडकीजवळची सीट मागून घेतली होती.