भंडाऱ्याची पितळी पाटी

वनमाला मेश्राम घर बघायला निघाली की तिच्या पर्समध्ये दोन वस्तू हटकून असायच्या. एक हॉस्पिटलचं ओळखपत्र, आणि दुसरी जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली पितळेची पाटी. घराचा पत्ता नाही आणि दारावरची पाटी तयार, म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं विठ्ठलवाडीच्या खोलीत तिच्यासोबत राहणाऱ्या बाकीच्या नर्स म्हणायच्या. वनमालाही हसायची. पण पाटी काही पर्समधून बाहेर काढायची नाही.

ती पाटी तिच्या आईनं भंडाऱ्याच्या कासाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. "मुंबईकडे चालली आहेस, तर दारावर आपलं नाव असू दे बाई," आई म्हणाली होती. "तुझ्या बापाचं आयुष्य दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यात गेलं." पाटीवर ठसठशीत अक्षरं होती, वनमाला मेश्राम. खाली लेकीचं नाव, पूर्वा.

पूर्वा नऊ वर्षांची, तुमसरला आजीकडे. नवऱ्याचं काय झालं हे वनमाला कोणाला सांगत नाही, तेव्हा आपणही ते सोडून देऊ. थंडीत ती कल्याणच्या एका हॉस्पिटलात कामाला लागली तेव्हा लेकीला म्हणाली होती, शाळा उघडायच्या आत तुला घेऊन जाते. जून तोंडावर आला. घर मिळालं नाही, तर पोरीचं आणखी एक वर्ष आईशी फोनवर बोलण्यात जाणार होतं.

डोंबिवलीचा एजंट जयेश तिला घरं दाखवायचा. मनानं वाईट नव्हता. घरमालकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असत: एकट्याच का, आणि मासे-मटण खाता का. त्यांची उत्तरं ती फटाफट द्यायची. अडायचं ते तिसऱ्याशी. मेश्राम म्हणजे कोण?

कारण तिच्या मुलखात हे आडनाव एका जातीचं नाही. चार समाजांत मेश्राम सापडतील. त्यामुळे आडनाव ऐकून विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, उलट खाज वाढते. आता तुम्हालाही वाटलं असेल, मग ही त्यातली कोणती? वाटू दे. तिनं सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. आणि ते कळल्याशिवाय ज्याला पुढे वाचवणार नाही, त्यानं खुशाल इथेच थांबावं. त्याच्याकडे आपण काही घर मागायला आलेलो नाही.

अण्णांचा फ्लॅट मात्र तिला बघताक्षणी आवडला. डोंबिवली पूर्वेला, पहिला मजला, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, आणि खिडकीतून समोरच शाळेचं फाटक. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी आसावरीताई, दोघं वरच्या मजल्यावर राहायचे. भाडेकरू नर्स आहे म्हटल्यावर अण्णा खूश झाले. स्वतःचं ब्लडप्रेशर, आसावरीताईंचे गुडघे, सगळं सांगून झालं. मग त्यांनी घसा साफ केला.

"मेश्राम... म्हणजे नक्की कुठले?"

"तुमसरचे. भंडारा जिल्हा."

"हो, ते कळलं. पण आमच्या ऑफिसात एक मेश्राम होते. सज्जन गृहस्थ हो, अगदी. तुम्ही त्यांच्यातल्या का?"

"कोणातल्या जी?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आसावरीताई लगबगीनं आत जाऊन पाणी घेऊन आल्या. सगळ्यांचं पाणी मघाशीच पिऊन झालं होतं.

"पूर्ण विचारा ना," वनमाला म्हणाली. "अर्ध्या प्रश्नाला मी काय सांगू?"

"छे छे, मी काही हे मानत नाही! सोसायटीत चार लोक असतात, एवढंच."

वनमालाचा अनुभव असा, की हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त वेळा न मानणाऱ्यांनीच विचारला होता. ती नमस्कार करून उठली.

जिन्यात जयेश हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. काय असेल ते बोलून टाका ना. आणि ते चालणारं नसेल तर जे चालेल ते बोला. इथून तुमसरला कोण चेक करायला जातंय?"

"आणि पोरीला काय शिकवू? जिन्यात विचारलं तर हे सांग, शाळेत विचारलं तर ते सांग?"

जयेश मान खाजवत जिना उतरला. पण त्या आठवड्यातच त्याचा फोन आला. "अण्णा तयार झालेत. चावी घ्यायला या."

"कसे काय तयार झाले?"

"झाले ना मॅडम, तुम्हाला काय करायचंय? आम खाओ, गुठली मत गिनो."

वनमाला हरखली. वाटेत दुधाची पिशवी घेतली. नव्या घरात चुलीवर पहिलं दूध उतू घालवायचं, ते करायला आई इथे नव्हती, तेव्हा आपणच करू. अण्णांनी दार हसतमुखानं उघडलं आणि चावी स्वतः तिच्या हातात ठेवली. ती खिडकीशी गेली. शाळेच्या फाटकाला नवा रंग दिला होता. दप्तर पाठीला लावून पूर्वा त्या फाटकातून आत जातेय, असं तिला क्षणभर स्पष्ट दिसलं.

"अहो, आधीच सांगायचं ना!" मागून अण्णा म्हणाले. "जयेशनं परवा सांगितलं, तुम्ही त्यांच्यातल्या नाही म्हणून. उगाच गैरसमज झाला. आता फक्त एक करा, दारावर आडनाव लावू नका. नुसतं वनमाला पुरे. येणाऱ्याजाणाऱ्याला शंका नको."

वनमाला वळली. दारात उभा असलेला जयेश छताकडे बघत होता.

खरं सांगायचं तर मोह झाला. कोण म्हणतं होत नाही? चावी हातात होती, शाळा समोर होती, आणि खोटं बोलला असेल तर जयेश, ती नव्हे. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पण पर्समधल्या त्या पाटीवरचं अर्धं नाव कसं झाकायचं, आणि पोरीनं विचारलं तर का झाकलं म्हणून सांगायचं?

"जयेशला मी काहीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानं आपल्या मनानं सांगितलं."

अण्णांचं हसू मावळलं. "म्हणजे ते खोटं?"

"खरं असेल, खोटं असेल."

"मग तुम्ही आहात तरी कोण?" अण्णांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी पूर्ण प्रश्न विचारला होता.

"आत्ता तुम्ही जिच्या हातात चावी दिलीत ना, तीच. तेव्हापासून माझ्यात काही बदललं नाही जी."

तिनं चावी टेबलावर ठेवली, दुधाची पिशवी उचलली आणि जिना उतरली. त्या दुधाचा संध्याकाळी विठ्ठलवाडीत सगळ्यांसाठी चहा झाला. चहा ढवळताना वनमाला रडली. अण्णांवर राग होता, जयेशवर होता, आणि त्याहून जास्त स्वतःवर होता, कारण पूर्वाला फोन करायची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गोमाजी आले. कल्याणच्या खाडीकाठचे म्हातारे कोळी, शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसून हात पिकला होता. सोबत नेहमीप्रमाणे बायको, मनुबाई. वनमालानं पट्टी ओढली तसे गोमाजी कळवळले.

"काय गो, म्हाताऱ्याचा हात उपटतेस काय?" मनुबाई ओरडली. "कोनाचा राग काढतेस?"

वनमालानं माफी मागितली, आणि मग काय झालं कोण जाणे, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मनुबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची वरची खोली रिकामी हाय. जात कंची तुझी?"

"नाही सांगत."

"अगो, मना काय करायचंय? मी आपली इचारते. मी सगल्यांना सगलं इचारते."

"तरी नाही सांगत."

मनुबाईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग एकदम हसली. "नको सांगू, जा! आमचा पोर दर्शन, तो टावरमधे घर बगायला गेल्ता, तर बोल्ले कोल्यांना देत नाय, म्हावऱ्याचा वास मारतो. पयले आमची जालीं वालायची त्याच जागेवर! पन एक हाय. पान्यासाठी नलावर भांडान केलंस तर मी पन भांडनार."

"मीही भांडते," वनमाला म्हणाली.

खोली लहान होती. पत्र्याखाली उकडायचं आणि शाळा रिक्षानं जाण्याइतकी लांब होती. पण जूनच्या आत पूर्वा आली, दूध उतू गेलं, आणि पाटी चिंधीतून बाहेर निघाली. गोमाजींनी डाव्या हातानं ती फिरवून बघितली.

"एवढीशी?" ते म्हणाले. "ही वाचनार कोन?"

पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असतात. खाडीत पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत, तरी नारळी पौर्णिमेच्या आधी गोमाजी दरवर्षी आपली होडी रंगवतात आणि तिचं नाव नव्यानं लिहितात. ते नाव पलीकडच्या काठावरून वाचता आलं पाहिजे, नाहीतर ते नाव कसलं, असं त्यांचं म्हणणं. हात बरा झाल्यावर त्यांनी होडी रंगवली आणि उरलेला निळा रंग घेऊन ते जिना चढले. पितळी पाटीच्या वर, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी होडीच्या अक्षरांत लिहिलं: मेश्राम. वनमाला नको म्हणाली नाही.

आता ते नाव रस्त्याच्या वळणावरून दिसतं. खाऱ्या हवेत पितळ लवकर काळं पडतं, म्हणून रविवारी वनमाला पाटी चिंचेनं घासते. अशाच एका रविवारी खाली नळावर शेजारच्या रखमाबाईंनी पूर्वाला गाठलं. "काय गो पोरी, मेश्राम म्हंजे कोन तुमी?"

वर वनमालाचा हात थांबला.

पूर्वानं भरलेली कळशी खाली ठेवली आणि मान वर करून दाराकडे बोट दाखवलं. "ते लिहिलंय ना वर, एवढं मोठं? ते आम्ही."

वनमाला पुन्हा पाटी घासू लागली, मघापेक्षा जोरात.