सतराव्याचं नाव

अख्ख्या रत्नागिरीत माझ्या बायकोच्या मावशीइतका राग कुणाला येत नाही, आणि आला तरी इतक्या स्वच्छ उच्चारांत कुणाला बोलून दाखवता येत नाही. बत्तीस वर्षं ती एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली. दापोलीची गाडी लागल्याचं तिने माइकवरून सांगितलं की दापोलीला न जाणारी माणसंही पिशव्या उचलून उठत. निवृत्तीनंतर माइक गेला, आवाज राहिला. शहराबाहेर कातळावर तिचं घर आहे, तिथे तो आता सतरा कुत्र्यांसाठी लागतो. कुणाच्या अंगावर उकळतं पाणी ओतलेलं, कुणाचा पाय काठीने मोडलेला, कुणाला पोत्यात बांधून फेकून दिलेलं. रविवारी आम्ही पाच-सहा जण जखमा धुवायला जातो. मावशी चुलीवर बांगड्याची डोकी घातलेला भात ढवळते आणि माणूस नावाच्या जनावराचा उद्धार करते. "राग नसला तर माझे हात चालत नाहीत," असं ती म्हणते. खरं असावं. एकदाच ती सकाळपासून खुशीत होती, त्या दिवशी भात करपला.

तिची सर्वांत भयंकर सवय म्हणजे कुत्र्यांची नावं. ज्याने हाल केले, त्याचंच नाव ती कुत्र्याला देते. त्यामुळे तिच्या अंगणात "वकीलसाहेब, ताटात पाय घालू नका" किंवा "दिनूशेठ, जंताचं औषध मुकाट्याने घे" असली वाक्यं रस्त्यापर्यंत ऐकू येतात. मूळ दिनूशेठ हातखंब्याचा हॉटेलवाला. पायरीवर झोपतो म्हणून त्याने कुत्र्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. एकदा तो गाडी घेऊन भांडायला आला. चारचौघांत अब्रू जाते, नाव बदला, म्हणाला. मावशीने कुत्र्याला उचलून त्याच्या पुढ्यात उभं केलं, भाजलेली पाठ त्याच्याकडे करून. "ह्याची कातडी परत दे मेल्या, मी नाव परत घेते." शेठ गाडीत बसला. गाडी वळणाआड जाईपर्यंत दिनूशेठ जेवायला बसत असल्याची घोषणा चालू होती.

कलेक्टर असो की कोंबडीवाला, मावशी सगळ्यांना अरे-तुरे करते. एकट्या मला अहो-जाहो, कारण मी भाचजावई. "जावईबापू, तेवढं मलम धरा."

सतरावा कुत्रा मात्र बिननावाचा होता. जयगडच्या वाटेवरल्या एका आंब्याच्या बागेत, मांगराच्या, म्हणजे राखणदाराच्या खोपटाच्या, खांबाला साखळीने बांधलेला सापडला. हंगाम संपला होता, माणसं निघून गेली होती. लाकडं गोळा करणाऱ्या एका बाईने मावशीला निरोप दिला. साखळी ओढून ओढून मानेची कातडी सोलवटली होती. बादली कोरडी होती. बाग कुणाची, हे मावशीने गावभर विचारलं, पण त्या वर्षापुरती कराराने घेतलेली, घेणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

मला होतं. घेणारा मीच.

हंगाम संपताच बागेचा नेपाळी राखणदार गावी गेला. कुत्रा मी सोडणार, असं माझंच त्याच्याशी बोलणं झालं होतं. तिसऱ्या दिवशी आठवलं. विसरलो असतो तर आज हे लिहिलं नसतं. आठवलं, आणि उद्या जाऊ म्हटलं. उद्या आळस झाला, परवा भीती वाटली. आता काय बघावं लागेल, ह्या भीतीने मी रोज एकेक दिवस घालवला. दहाव्या दिवशी मावशी बागेत पोचली.

त्यानंतर तीन वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. तो कुत्रा मावशीखेरीज कुणालाच अंगाला हात लावू देत नसे. मी फाटकातून आत आलो की मात्र सबंध अंग हलवत धावत यायचा आणि आनंदाने माझ्या चपलांवर मुतायचा. माझ्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. मी खाली मान घालून पट्टी बांधत असे.

गेल्या महिन्यात त्याची मान पुन्हा चिघळली. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, मावशी समोर जखम धूत होती. मी सांगून टाकलं, तिसऱ्या दिवसासकट सगळं. मावशीचा हात थांबला नाही.

"पहिल्या रविवारीच कळलं मला, सुधाकर," ती म्हणाली. चोवीस वर्षांत तिने मला प्रथमच नावाने हाक मारली. "जनावर अनोळखी माणसाला बघून असं करत नाही."

मग नाव का नाही दिलंत, मी विचारलं.

"दिलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास. दहा दिवस वाट बघितली त्याने तुझी. आणखी किती बघायला लावायची?" तिने पट्टीची गाठ आवळली आणि कुत्र्याला अंगणाच्या पार टोकाला, दगडी गडग्यापाशी नेऊन सोडलं. "आता तू मार हाक."

तिचा राग मी इतकी वर्षं ऐकत होतो. इतका हळू आवाज कधीच ऐकला नव्हता.

मी उभा राहिलो. स्वतःचंच नाव, त्याचं म्हणून, मोठ्याने घ्यायला गेलो. अर्धंच जेमतेम बाहेर पडलं, आणि तो येऊन पायाशी उभा राहिला होता.