पहिली टोपली

नाशिकच्या आमच्या देवळात पहिली टोपली आमच्या घराची. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पावसाळा सरला की हंगामाचा सण होतो. प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतं: भोपळा, तांदूळ, भुईमूग, कुणी जिवंत कोंबडीसुद्धा. सगळ्यांच्या पुढे आमची टोपली, कारण या वस्तीत पहिला बाप्तिस्मा आमच्या पणजोबांचा. टोपली ठेवली की घरातला कर्ता माणूस दोन मिनिटं साक्ष देतो. आजोबांनी दिली, वडिलांनी दिली, आता पंचवीसेक वर्षं मी देतो. साक्ष कसली, पाठांतर. पणजोबांना गावाने वाळीत टाकलं, विहिरीवरून हाकललं, पण ते डगमगले नाहीत. लोक माना डोलावतात. ते डगमगले नाहीत यात तुझं काय कर्तृत्व, असं मला आजवर कुणी विचारलं नाही, आणि आपणहून विचारण्याइतका मी खुळा नव्हतो.

टोपलीत चिकू असतात. बाप्तिस्म्याच्या वर्षी पणजोबांनी लावलेल्या झाडाचे. म्हणजे असायचे. गाडी लावायला जागा हवी म्हणून मी अंगणभर फरशी घातली, अगदी बुंध्यापर्यंत, आणि तेव्हापासून झाडाला नुसती पानं येतात. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "यंदा टोपली राहू द्या, नाहीतर खरं काय ते सांगा." मी पंचवटीच्या बाजारात गेलो, निवडून निवडून दोन किलो चिकू आणले आणि वर आमच्या झाडाची चार पानं खोचली. तेव्हापासून दरवर्षी हेच. पानं तेवढी खरी.

पण चिकूंचं पाप किरकोळ. खरं पाप त्याच्याही आधीचं आहे.

मला एकच बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. घोटीला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने बौद्ध घरातल्या एका शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं. माणूस सरळ, तिच्या श्रद्धेला त्याने कधी आडकाठी केली नाही. लग्नानंतरही ती दर रविवारी एसटीने नाशिकला देवळात यायची. इकडे कुजबुज सुरू झाली होती की ज्या घरातली मुलगी अशी गेली, त्या घराला पहिल्या टोपलीचा मान कशाला? मी तेव्हा मंडळीचा, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या संस्थेचा, सेक्रेटरी. दुसरा कुणी तोंड उघडायच्या आत मीच सभेत उभा राहिलो आणि कागद वाचला, की माझ्या बहिणीने ख्रिस्ती विश्वास सोडला आहे, तिचं नाव सभासदांच्या यादीतून काढावं. तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. लोक म्हणाले, बघा, याने सख्ख्या बहिणीचीही गय केली नाही. टोपली आमच्याकडे राहिली.

पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे सभासदांच्या हातावर प्रभूच्या नावाची भाकर ठेवतात तो विधी. ती नेहमीसारखी पुढे जाऊन गुडघे टेकून बसली, हात पुढे केले. पाळक, आमचे धर्मगुरू, तिला वगळून शेजारच्या बाईकडे वळले. तिला कारणच कळेना. ती तशीच हात पुढे करून बसली होती आणि मी पहिल्या बाकावरून मूग गिळून बघत होतो. त्यानंतर ती आली नाही.

पुढची वीस वर्षं तिच्याबद्दल कानावर यायचं. ड्यूटी संपली की पाड्यांवर चालत जाते, टीबीच्या लोकांना समोर बसवून गोळ्या घ्यायला लावते, बाळंतिणींना स्वतःच्या घरी ठेवून घेते. आमच्याकडे हे ऐकून लोक नाकं मुरडायचे. मीही मुरडायचो. स्वतः मी कुणा आजाऱ्याच्या घरची पायरी चढलो असेन तर ती मंडळीच्या वर्गणीसाठी.

दोन वर्षांपूर्वी तिला कॅन्सर निघाला. उपचार नाशिकलाच होते. मी शहाळं घेऊन भेटायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, केस गेलेले. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दादा, एक काम करशील?"

"बोल की."

"मी विश्वास सोडला असं तू सभेत सांगितलंस. ते खोटं होतं एवढं लोकांसमोर सांग. नाव परत लागलं की मला एकदा आपल्या देवळात प्रभुभोजन घेता येईल."

"अगं, इतक्या वर्षांनी कोणाला आठवतंय ते?"

"मला आठवतंय ना."

मी म्हणालो, हंगामाच्या सणाला सांगतो, सगळे असतात. ती म्हणाली, "मग मी येते." तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं.

सणाला ती आली. डोक्याला रुमाल, नवऱ्याचा हात धरून, शेवटच्या बाकावर. मी टोपली ठेवली आणि वळलो. वाक्य पाठ होतं, पाचच शब्दांचं: माझ्या बहिणीबद्दल मी खोटं बोललो. समोर साडेतीनशे माणसं, पहिल्या रांगेत माझे व्याही. मी तोंड उघडलं आणि आत गेली कित्येक वर्षं जे भरलं होतं तेच बाहेर पडलं. पणजोबांना गावाने वाळीत टाकलं, विहिरीवरून हाकललं. लोक माना डोलावत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रभुभोजनाला ती जागची उठली नाही. नंतर आवारात टोपल्या मांडल्या होत्या, तिथे ती आली. आमच्यातला एक चिकू उचलून तिने हातात फिरवला.

"हे आपल्या झाडाचे नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"मग आपलं काय उरलं रे, दादा?"

रागावली असती तर मी चार शब्द उलट बोललो असतो. ती रागावली नव्हती. चिकू परत जागेवर ठेवून ती गेली.

नाताळ झाला आणि ती वारली. आमच्या कबरस्तानात यादीतल्याच माणसांना जागा, म्हणून मेव्हण्यांनी तिला घोटीजवळ आपल्या शेताच्या बांधाला पुरलं. पाड्यांवरची माणसं चालत आली होती. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमी बाईंचं कोण?"

"भाऊ."

"आसं व्हय. बाई लय नाव काढायच्या तुमचं. दादा यंदा देवळात सांगनार हाय, म्हनून लय खूश व्हत्या. सांगितलं का मग?"

मी मान हलवली. तिने ती होकाराची समजली. "बरं झालं," म्हणाली, आणि मूठभर माती टाकायला पुढे गेली. मी तिला थांबवलं नाही.

यंदाच्या सणाला मी सांगितलं. वरातीमागून घोडं, पण सांगितलं, सगळं, त्या कागदासकट. रडलोही. शेवटचा बाक रिकामा होता. पाळक उठून म्हणाले, केवढी ही नम्रता. बाहेर आल्यावर लोक हात हातात घेऊ लागले. मंडळीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "शेवटी रक्त कुणाचं! तुमचे पणजोबाही असेच, डगमगले नाहीत."

टोपलीत चिकू पंचवटीचेच होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "त्यांचीच पुण्याई."