गोऱ्ह्याने ओळखलेला आवाज
परवा नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्याला टिंचर लावलं आणि त्या वासासरशी तीस वर्षांपूर्वीचा सायखेड्याचा आमचा गोठा डोळ्यांपुढे आला. मी हाताने वाढवलेला तांबडा गोऱ्हा त्या दिवशी खच्ची करायचा होता. जनावरांचे डॉक्टर लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा घेऊन आले, तेव्हा आम्ही गोऱ्ह्याला पाडून पाय बांधले आणि डोळ्यांवर गोणपाट टाकलं. "तू तोंड उघडू नको," चुलते माझ्या कानाशी म्हणाले, "आवाज वळखतो त्यो. लय डूख धरंल." धन्याने त्या वेळी गप्प राहायचं, ही आमच्याकडची रीतच. डॉक्टरांनी टिंचर फासून चिमटा आवळला. आत कच्च असा आवाज झाला, बाहेर रक्ताचा थेंबही नाही. "आतल्या शिरा चेचल्यात," ते म्हणाले, "आता रक्त पोचणार नाही, अंड आपोआप सुकेल." दुसऱ्या बाजूला चिमटा लागला तेव्हा गोऱ्हा असा थरथरला, की माझ्या तोंडून रोजचंच निसटलं, "उगी राजा, उगी." थरथर एकदम थांबली. गोणपाटाखाली त्याचा कान सावकाश माझ्याकडे वळला. आधी अंडाला सूज आली, मग भर उन्हातही तिथे हात लावला की गार लागायचं, आणि दीड-दोन महिन्यांत आवळ्याएवढं काहीतरी उरलं. पुढे तो औताला नीट चालला, शिंग कधी उगारलं नाही. फक्त मी "उगी राजा" म्हटलं की चालता चालता थांबायचा, मान वळवून बघायचा, आणि मी नजर काढून घेईपर्यंत पापणी हलवायचा नाही. परवा नातू कळवळून माझ्याकडे बघत होता. तेच शब्द ओठांवर आले होते, मी गिळले.