मिसकॉल उचलायचा न्हाई

आमच्या थोरल्या जाऊबाई पदराच्या पिनेनं मोबाइलचं सिम काढत. दुबईला निघाल्या की इकडचं सिम कुंकवाच्या डबीत, आणि लोणावळ्याच्या दुकानातून आणलेलं परदेशचं स्वस्त सिम फोनमध्ये. अख्खं औंढे गाव त्यांना मिसकॉलबाई म्हणायचं. मी तोंडावर नुसतं 'बाई' म्हणायचे आणि आतल्या आत जळायचे.

त्यांचा मुलगा दुबईला, म्हणून दर हिवाळ्यात त्यांचं जाणं ठरलेलं. सासूबाईंचा फोन बटणांचा, त्यावर व्हिडिओ कॉल कुठला? मग बाईंनी नियम घालून दिला, "एक रिंग म्हंजे पोचले. दोन म्हंजे बरी हाय. उचलायचा न्हाई कुणी! रोमिंग म्हंजे आपुन झोपलो तरी मीटर चालू."

झालं. सासूबाई फोन मांडीवर घेऊन बसायच्या. मी पुढ्यात गरम भाकरी ठेवली तरी नजर फोनवरच. तो वाजून थांबला की म्हणायच्या, "थोरली बरी हाय बरं का!" मी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर बरीच असायचे. त्याचं कुणाला काय?

एकदा सासूबाईंनी घाईत फोन उचलला. "ठेवा आत्याबाई, ठेवा!" बाई पलीकडून अशा ओरडल्या की सासूबाईंना दिवसभर जेवण गेलं नाही. मला मात्र गुदगुल्या झाल्या. पण बाई परतल्या की ओट्यावर बायकांचा घोळका त्यांच्याभोवतीच, आणि चहाचं आधण माझ्याकडे.

यंदा डॉक्टरांनी बाईंचा विमानप्रवास बंद केला, आणि नेमकं माझ्या लेकीनं मला मस्कतला बोलावलं. सिम बाईंनीच बदलून दिलं. एरवी सूचनांचा पाऊस पाडणाऱ्या बाई त्या दिवशी पिन पदराला लावून लगेच उठल्या.

मस्कतला उतरल्यावर मी ऐटीत सासूबाईंच्या फोनवर रिंग दिली. कट करणार तोच फोन उचलला गेला. उचलणाऱ्या खुद्द बाई.

"अवो बाई, उचलला कशापायी? पैसं जात्यात!"

"जाऊ दे. रिचार्ज मी मारीन. इमानतळ कसं हाय गं तितलं? समदं सांग."

आवाजावरूनच कळलं, बाई जळत होत्या. माझ्यावर! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. पण त्या पुन्हा "सांग की गं धाकटे" म्हणाल्या आणि मी बॅग कडेला घेऊन तिच्यावरच बसले.

मग मी सांगत सुटले, होतं त्याहून जरा जास्तच चांगलं करून.